जावईबापूंच्या चार टोपल्या

फार म्हणजे फारच पूर्वी, जेव्हा एका गावची पत्रं दुसऱ्या गावाला माणसंच पळत पोचवायची, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला फुलाईदेवीची बाग. बाग म्हणजे काय, तर देवळाला तिन्ही बाजूंनी वेढा घालून बसलेली जास्वंदीची झुडपं. दहा-वीस नाही हां, चांगली दोनशे! सकाळी उठून बघावं तर डोंगराची ती सगळी बाजू लालेलाल.

आता गंमत अशी, की या बागेतलं फूल वर्षभर कुणी तोडायचंच नाही. नुसतं बघायचं. फक्त एका दिवशी, फुलाईच्या उत्सवाला, उजाडता उजाडता सगळा गाव बागेत यायचा आणि प्रत्येकाने, अगदी कडेवरच्या बाळानेसुद्धा, आपल्या हाताने एकच फूल तोडून देवीला वाहायचं. बाजूच्या वाड्या-वस्त्यांवरूनही माणसं यायची, आदल्या दिवशीच मुक्कामाला.

जास्वंदीचं कसं असतं, माहितीये ना? सकाळी फुलते, संध्याकाळी मिटते, एका दिवसाचा सगळा थाट. मग तोडायचं नाही म्हटल्यावर ती मिटलेली फुलं फांदीलाच लोंबणार, दवाने कुजणार, त्यावर मुंग्या येणार, मावा पडणार, आणि झाड बसणार रुसून. म्हणून रोज उन्हं कलली की गेलेली फुलं काढून टाकावी लागत. हे काम चाळीस वर्षं एकच माणूस करत होता. माळीबुवा.

माळीबुवा एका झुडपापाशी इतका वेळ उभे राहायचे, की चिमण्या त्यांना फांदी समजून बसायला यायच्या. आणि बोलणं? दिवसाला मोजून सहा-सात शब्द. पाहुणे आले तर आठ.

अशा माणसाला जावई कसला मिळावा? तर शहरात पत्रं पोचवणारा! पायाला भिंगरी. एकदा देवळाच्या पुजाऱ्याचं पत्र घेऊन आला आणि घाईघाईत ते दिलं माळीबुवांच्या मुलीच्या, सारजाच्या हातात. पत्र परत मागायला म्हणून दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, आणि महिन्याभरात लग्न करून घरजावई होऊन बागेतच राहिला. गाव त्याला जावईबापू म्हणायचं. म्हणायचं ते मानाने आणि हसायचं ते मनातून.

पण खरंच, या माणसाला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. जेवताना उठून दारात जाऊन यायचा. भात शिजला का बघायला झाकण इतक्या वेळा उघडायचा, की भात कच्चाच राहायचा. भोपळ्याचं बी पेरलं, तर दुसऱ्या दिवशी उकरून बघितलं. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी ते बीच सापडेना.

विहिरीवरच्या बायका ओरडायच्या, "अहो जावईबापू, जरा दमानं! सावली मागं राहिली तुमची!"

"येईल ती मागून!" तो पळत पळत सांगायचा.

हे सगळं तो हसण्यावारी न्यायचा. एक गोष्ट मात्र त्याला आतून कुरतडत होती. सासरे त्याच्याशी बोलत नसत. म्हणजे भांडण नाही, राग नाही, काहीच नाही. नुसते गप्प.

"मामा, झुडपांना आळी खणली. बघा की कशी झालीयेत!"

माळीबुवा बघायचे. "हं."

आता 'हं' म्हणजे काय? चांगलं 'हं' की वाईट 'हं'? तो दिवसभर त्या एका 'हं'चा कीस काढत बसायचा. बसायचा कसला, फिरायचा! बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शेवटी उत्सव चार दिवसांवर आला तेव्हा त्याने सारजाला गाठलं. ती भाकऱ्या थापत होती.

"सारजे, तुझ्या आबांना मी नकोय."

"असं म्हणाले ते?"

"अगं तेच तर! काही म्हणतच नाहीत! वर्ष झालं. नकोसा असेल तरच माणूस समोरच्याशी असा वागतो."

"आईशीपण असेच होते आबा."

"मग आईचं कसं काय निभावलं?"

"ती त्यांच्या वाटचंही बोलून घ्यायची," सारजा म्हणाली आणि हसली.

तो नाही हसला. "मी सांगतो तुला. उत्सवाच्या सकाळपर्यंत वाट बघतो. तोवर आबा एक शब्द नीट बोलले, तर राहिलो. नाहीतर गाठोडं खांद्यावर आणि मी शहरात. यायचं असेल तर तूही चल."

सारजाचा हात थांबला. "मी आबांना आणि बागेला सोडून कुठेही येणार नाही. आणि तुम्ही गेलात ना, तर वळून बघायलासुद्धा दारात उभी राहणार नाही." मग तिने पुढची भाकरी अशी काही थापली, की परात दोन वेळा वाजली.

म्हणजे बघा, आता सगळं त्या चार दिवसांवर येऊन ठेपलं. तीन दिवस असेच गेले. 'हं' आणि 'हं' आणि एकदा तर तेही नाही.

उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी माळीबुवांचा पाय पाण्याच्या टाकीच्या शेवाळावरून घसरला. घोटा हा एवढा सुजला. सारजाने हळद लावून बांधला, पण उभं राहता येईना. इकडे उन्हं कलायला लागली. दोनशे झुडपं वाट बघत होती.

माळीबुवांनी जावयाला हाक मारली. "आज तू कर."

जावयाच्या अंगात वारंच शिरलं! वर्षभरात पहिल्यांदा! झुडपांना हात लावायला सांगितलं, तेही उत्सवाच्या आदल्या दिवशी! तो टोपल्या उचलायलासुद्धा लागला.

"गेलेली काढ," माळीबुवा म्हणाले. "हात हलका..."

"हलका, हो! कळलं मामा, कळलं!" आणि हा बाहेर. माळीबुवांचं तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडंच होतं. ते त्यांनी हळूच मिटलं.

आता पुढचं वाक्य काय होतं, ते ऐका. जास्वंदीचं आजचं फूल संध्याकाळी मिटतं, त्याची छान गुंडाळी होते, टोकदार. आणि उद्या उमलणारी मोठी कळी? तीही गुंडाळलेली, टोकदार, लाल! कलत्या उन्हात दोन्ही एकाच फांदीवर शेजारी शेजारी, जुळ्या बहिणी जशा. बघून भले भले फसतात. पण हे ऐकायला जावईबापू थांबले कुठे होते?

तो पहिल्या झुडपाला भिडला आणि सुटलाच. लाल मिटलेलं दिसलं की खूड, दिसलं की खूड. डावा हात, उजवा हात, दोन्ही हात! काही फुलं बोट लागताच अलगद हातात येत होती, ओलसर, चिकट. काही मात्र येत नव्हती. त्यांना पीळ द्यावा लागे, मग देठ 'टच्' असा मोडे.

"चिवट आहेत लेकाची," तो पुटपुटला. "सोडवत नाही यांना जागा." आणि आणखी जोरात ओढलं.

एकदा त्याचा हात थांबला होता बरं का. दहाव्या की बाराव्या झुडपापाशी. त्याला वाटलं, मामांना विचारून यावं का? मग वाटलं, एवढ्याशासाठी विचारलं तर मामा म्हणतील, याला काय येतं! 'म्हणतील' कसले, तेवढंही म्हणणार नाहीत. नुसतं 'हं' करतील. नकोच ते. तो पुढच्या झुडपाकडे वळला.

जे काम करायला माळीबुवांना सबंध संध्याकाळ लागायची, ते सूर्य डोंगराला टेकायच्या आत झालं. चार टोपल्या गच्च भरल्या. हिरव्या बारीक कळ्या तेवढ्या फांद्यांवर राहिल्या, कारण त्या आंधळ्यालाही कळ्या म्हणून कळतात. बाग कशी लख्ख, एकही लोंबणारं फूल नाही! त्याने चारही टोपल्या देवळामागच्या खताच्या खड्ड्यात उलट्या केल्या, हात झटकले आणि धावत घरात.

"झालं मामा!"

माळीबुवांनी खिडकीतून आभाळ बघितलं. अजून लख्ख उजेड होता. त्यांनी जावयाकडे बघितलं.

"एवढ्यात?"

झालं! त्याच्या काळजाला तो एकच शब्द लागला. वर्षभर थांबून, धावून, राबून मिळालं काय, तर 'एवढ्यात'? ना 'बस' म्हणाले, ना 'दमलास का' म्हणाले. त्याने जेवताना कुणाकडे बघितलं नाही. कोपऱ्यात जाऊन आपलं गाठोडं बांधलं. सारजाने बांधताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं आणि ढोल वाजायला लागला. गाव नटूनथटून बागेत शिरला. सगळ्यात पुढे पाटलीणबाई, कारण उत्सवाचा मान त्यांच्याकडे. मागे पोरं, म्हातारे, वाड्या-वस्त्यांवरचे पाहुणे. आणि आत शिरणारा प्रत्येक जण जागच्या जागी उभा.

बाग हिरवी होती. नुसती हिरवी! दोनशे झुडपं आणि लाल रंगाचा ठिपका नाही. ढोल वाजवणाऱ्याचा हात आपोआप थांबला.

"फुलं कुठंयत गं आई?" एका छोट्या मुलीने विचारलं.

"शेळ्या शिरल्या असतील रात्री," कुणीतरी म्हणालं.

"शेळी पानं सोडून नुसती फुलं खाईल होय? लाडाची तुझी शेळी!"

"मग वानरं!"

तेवढ्यात देवळामागून एक पोरगी किंचाळली, "इकडे आहेत! फुलं इकडे आहेत!"

सगळे धावले. आणि काय बघतात? खताच्या खड्ड्यात, शेणा-पाचोळ्यावर, जास्वंदीची शेकडो फुलं उमललेली! ताजी, टवटवीत, लालभडक. जास्वंदीची भरलेली कळी अशीच असते, खुडली तरी सकाळी उमलायचं ती चुकवत नाही. पाणीसुद्धा मागत नाही. पण आता ती देवीला कशी वाहणार? खतातलं फूल! आणि आपल्या हाताने तोडायचं ते आधीच तोडलेलं!

गर्दीच्या मागे जावईबापू उभा होता. खांद्यावर गाठोडं, पायात वहाणा. आता निघायचंच म्हणून आला होता. त्याने खड्ड्यात बघितलं आणि त्याला कालचं सगळं आठवलं. ती चिवट फुलं. ती 'टच्' मोडलेली देठं. ती गेलेली नव्हतीच! ती यायची होती!

पाटलीणबाई गर्दीकडे वळल्या. "कुणी केलं हे?"

मग काठी टेकत, लंगडत माळीबुवा पुढे आले. खड्ड्याकडे त्यांनी फक्त एकदा बघितलं.

"माझ्या हातून झालं," ते म्हणाले.

सगळीकडे एकच गलका उठला. "माळीबुवांच्या हातून?" "चाळीस वर्षांत कधी नाही!" "अहो नजर गेली म्हाताऱ्याची." "आता दुसरा माळी बघायला पाहिजे, पाटलीणबाई. देवीचं काम आहे, यात भीड कशाची?"

माळीबुवा मान खाली घालून उभे. सारजा रडत होती, पण तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं.

आणि बघा हां, जावयाच्या मागे बागेचं दार सताड उघडं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. दोन ढांगा टाकल्या की रस्ता, आणि एकदा रस्त्याला लागला की त्याला पकडणारा माणूस त्या मुलुखात जन्मला नव्हता. आळ घ्यायला म्हातारा आपणहून उभा होता. जावयाचा एक पाय दाराकडे वळलासुद्धा.

दुसरा पाय मात्र वळेना.

"मी केलं!" तो ओरडला. इतक्या जोरात, की जवळची दोन पोरं दचकली. "मी खुडली! मामांचा पाय सुजलाय, ते काल दुपारनंतर उंबऱ्याबाहेरही आले नाहीत. त्यांनी सांगितलं होतं हात हलका ठेव, मी पुरतं ऐकलंसुद्धा नाही. मला वाटलं गेलेली आहेत. चार टोपल्या खुडल्या, चार!"

मग सगळ्यांना एकदम तोंडं फुटली.

"वा जावईबापू! देवीच्या आधी खड्ड्याला फुलं वाहिलीत!"

"तरी मी म्हणत होते, हा माणूस झोपेतही पळत असेल!"

पाटलीणबाईंनी हात वर केला. "माळीबुवा, याला आजच्या आज बागेबाहेर काढा."

"नाही," माळीबुवा म्हणाले.

"अहो पण..."

"नाही." मग त्यांनी गावाकडे बघितलं, झुडपांकडे बघितलं, हिरव्या कळ्या बोटांनी चाचपल्या. "दोन दिवसांनी या."

"दोन दिवस?" एक बाई मटकन खालीच बसली. "अहो, माझ्याकडे पंधरा पाहुणे आहेत! आज जेवून जायचे होते, आता परवापर्यंत खाणार!"

पण दुसरा मार्ग होता कुठे? कळीला काय ढोल वाजवून उठवणार? नैवेद्याचं जेवण पाहुण्यांनी त्याच दिवशी संपवलं, कुरकुरत गाव घरी गेला आणि बागेत हे तिघंच उरले.

"मामा," जावई म्हणाला, "तुम्ही खोटं का बोललात?"

माळीबुवांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं. "गाठोडं दिसलं. त्यात लोक ओरडले असते. तू राहिला नसतास."

एवढं लांब बोलणं त्यांनी वर्षभरात केलं नव्हतं. जावयाने गाठोडं खांद्यावरून काढलं आणि ते कुठे ठेवावं हेच त्याला सुचेना.

संध्याकाळी माळीबुवा त्याच्या खांद्यावर हात टाकून लंगडत पहिल्या झुडपापाशी आले. खोल आत, पानांआड दोन-चार लाल गुंडाळ्या होत्या, शेजारी शेजारी; काही कालच्या त्याच्या तडाख्यातून सुटलेल्या, काही आजच लाल झालेल्या. माळीबुवांनी त्याची दोन बोटं धरली आणि एकीवर टेकवली.

"ओढू नकोस. नुसतं विचार."

त्याने बोटं टेकवली. ती गुंडाळी मऊ होती. न ओढताच ती देठातून सरकून त्याच्या तळहातावर आली.

"गेलेलं," माळीबुवा म्हणाले. मग दुसरीवर बोटं नेली. ती घट्ट होती. हिरवं देठ तिला मुठीत धरल्यासारखं धरून होतं. "धरून आहे. म्हणजे यायचंय."

जावई त्या कळीकडे बघत राहिला. त्याच्या मनात भलतंच काही चाललं होतं. हा म्हातारा वर्षभर असाच मिटून त्याच्यासमोर उभा होता आणि त्याने ठरवून टाकलं होतं, की हे संपलेलं आहे. आज सकाळी तर देठच मोडून निघाला होता. 'टच्'!

ते दोन दिवस त्याने कसे काढले, विचारू नका. दर घटकेला कळ्या बघायला जायचा. एकदा तर कळीच्या टोकाला फुंकर घालताना सारजाने पकडलं.

"आता ती पण उकरून बघताय का?" ती म्हणाली.

"नाही, नाही! वारा घालतोय." मग जरा थांबून, "सारजे, माझं गाठोडं कुठंय?"

"सोडलं मी. फडकं पाहुण्यांच्या भाकऱ्या बांधायला लागलं. का, कुठे जायचंय?"

"छे," तो म्हणाला. "सहज विचारलं."

दोन दिवसांनी सकाळी फुलं आली. नेहमीएवढी नाहीत, पण आली. ढोल वाजला, पोरांनी उड्या मारल्या, पाटलीणबाईंनी डोळे पुसले. फुलं मोजकीच होती आणि शेवटी रांगेतल्या एका लेकुरवाळीला आणि जावईबापूला मिळून एकच उरलं. त्याने फांदी तिच्या बाळाच्या हाताशी वाकवून दिली. त्या वर्षी देवीसमोर एकच माणूस रिकाम्या हातांनी उभा राहिला. कुणी टोमणा मारला नाही. पाटलीणबाईंनीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा सासरे आणि जावई दोघं टोपली घेऊन बागेत होते. जावई एकेका गुंडाळीवर बोटं टेकवायचा, थांबायचा. सुटलं तर टोपलीत. नाहीतर पुढे. त्याचा एक पाय अजूनही आपला जमिनीवर ठेका धरत होता, पण बोटं मात्र शांत होती.

मग एका फांदीपाशी तो अडला. तिथली गुंडाळी धड मऊही नव्हती, धड घट्टही नव्हती. सुटेना आणि नीट धरूनही राहीना. त्याने पुन्हा बोटं टेकवली. पुन्हा तेच. शेवटी तो वळला.

"मामा, हे गेलंय की यायचंय?"

माळीबुवांनी वाकून बघितलं. आपली बोटं टेकवली. बराच वेळ ते तसेच उभे राहिले.

"मलाही कळत नाहीये," ते म्हणाले. "राहू दे."

आणि दोघं पुढच्या झुडपाकडे गेले.

तात्पर्य इतकंच, की मिटलेलं सगळं संपलेलं नसतं. जे खरंच संपलंय ते हलक्या हातानेही सुटतं, आणि जे तोडायला जोर लावावा लागतो त्यात अजून उमलणं बाकी असतं. दोन्हीतलं काय ते कळतच नसेल, तर हात मागे घ्या आणि सकाळ होऊ द्या.